बधिर मलम आणि बाईसाहेब

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज फिरायला जाणे. पहिल्याच फेरीत पोटऱ्या भरून आल्या. औषधाच्या दुकानातून बधिर करणारं मलम आणलं. दुकानदार म्हणाला, अगदी थोडंच लावा. स्वतःचा माल कमी वापरा म्हणणाऱ्याला धंदा काय कळणार. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत चोपडलं. पाय आहेत की नाहीत तेही कळेना. उत्तम औषध.

६ मार्च
फिरणं तूर्त स्थगित. पोटऱ्यांवर लाल चट्टे, जीवघेणी खाज. नुकसानीचं कारण शोधणं हे विमा कंपनीत माझं रोजचंच काम. पहिला संशय बायकोच्या नव्या वॉशिंग पावडरवर. ती म्हणाली, मग पाठीला का नाही आलं? उडवाउडवीचं उत्तर. पावडर बदलायला लावली. खाजेवर मलम. लगेच आराम.

९ मार्च
पावडर निर्दोष. आता फोडही आलेत. मग डोक्यात प्रकाश पडला: मांजर. बाईसाहेब रोज माझ्या पायांत घोटाळते. बायको म्हणाली, चार वर्षं घोटाळतेय. मी म्हटलं, ॲलर्जी काय सांगून येते? मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून बायको दिवसभर या मांजराशीच बोलते. माझ्याशी बोलली असती, पण मी ऑफिसात असतो.

११ मार्च
मांजर मेहुणीकडे रवाना. बायकोने स्वतः टोपली भरली. वाटी, जुना टॉवेल. समजूतदार आहे. मलमाची मोठी ट्यूब आणली.

१४ मार्च
चट्टे वाढलेच. सोफ्यात मांजराचे केस राहिले असणार. बायकोने सोफा झटकला, मग हातात आलेले केस बघत बसली. वेळ मोडते उगाच.

१७ मार्च
शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. पायांना काय लावता, त्यांनी विचारलं. काही नाही, म्हटलं. मलम म्हणजे काही औषध नव्हे. बायकोने पर्समधून पिळून संपवलेल्या ट्यूबा काढून टेबलावर ठेवल्या. बाई म्हणाल्या, चट्टे गुडघ्यापाशी रेघ मारल्यासारखे थांबलेत, हे दिसलं नाही? मी पाय वरून बघतो, कसं दिसणार. मलम बंद. खात्रीसाठी पाठीवर निरनिराळ्या औषधांच्या पट्ट्या चिकटवल्या.

२१ मार्च
पट्ट्या काढून दोन दिवस झाले. बाकी पाठ साफ. बधिर करणाऱ्या औषधाच्या जागी मात्र लालभडक चौकोन. बायकोने तो बराच वेळ पाहिला. म्हणाली, आता पाठीलाही आलं.

३० मार्च, संध्याकाळ
पाय बरे. ऑफिसातून परस्पर जाऊन मांजर घेऊन आलो. मेहुणी म्हणाली, पहिले काही दिवस तिने वाटीला तोंड लावलं नाही. तुमच्या बायकोचाही रोज रडत फोन यायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

टोपली उघडताच बाईसाहेब थेट बायकोच्या मांडीवर. बायकोला तिच्याशी जवळपास तीन आठवड्यांचं बोलायचं होतं, ते अजून चाललंय. मी समोर बसून विजार वर केली, पाय पुढे केले. म्हटलं, ये, घोटाळ हवी तेवढी. दोघींपैकी एकीनेही मान वळवली नाही.

वाईट वाटलं. या वेळी कारण शोधावं लागलं नाही.