चार बोटं खाली

प्रताप नगर, नागपूर
ता. ५ मे २०२५

तीर्थरूप काकाजी,

मयुराचा वाकून नमस्कार. गोपिका काकीलाही सांगा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, फक्त ऊन म्हणजे ऊन! कूलरच्या ताट्या बदलल्या तरी हवा गरमच येते. गुंजनची दहावी झाली, आता ती दिवसभर पन्हं पिते आणि लोळते. बोललं की म्हणते, "आई, तू काहून चिडून राहिली?" मी तिच्यावर चिडत नाहीये, पण ते तिला कसं सांगू?

तुम्हाला महिन्याभरात तीनदा फोन लावला. तुम्ही विचारता, "खुशाल ना माय?" मी म्हणते, "हौ काकाजी," आणि ठेवून देते. सांगायचं ते तोंडातून निघतच नाही. म्हणून हे पत्र. चष्मा लावून स्वतः वाचा. काकीला नंतर द्या.

मी नेमकं काय काम करते, असं तुम्ही मागे विचारलं होतं. तेव्हा मी "कॉम्प्युटरचं" म्हणून मोकळी झाले होते. आता नीट सांगते. कॉम्प्युटरवर मी जमिनीच्या पोटाचं चित्र काढते. वर गावाचा नकाशा असतो. तो कलता केला की खालच्या विहिरी दिसतात, काचेच्या ग्लासांसारख्या. त्यातून मारलेले बोअर निळ्या रेघांनी दिसतात, कोणता कुठं वळला, कोणता कोणाच्या झऱ्याला जाऊन भिडला, सगळं. चारी बाजूंनी फिरवून बघता येतं. सध्या आपल्याच गावाचं काम आहे. येत्या सोमवारी ग्रामसभेत पडद्यावर दाखवायचं आहे. ज्या बोअरमुळे दुसऱ्याची विहीर आटते, तो बुजवायचा, असं ठरतंय.

आणि गावात आडवे बोअर मारले कोणी? बाबांनी! विहिरीत मशीन उतरवून त्यांनी सारं शिवार भोकं पाडून ठेवलं. त्यांची वही माझ्याकडे आहे. तुम्ही बघाल तर हसाल. "धोंडबाची विहीर. मोहाकडे, साठ फूट, दोन बोटं खाली." आता तो मोह कुठे आहे? अख्खं शिवार बाबांनी झाडांच्या नावानं लिहिलं आणि झाडं गेली तुटून. दोन रविवार म्हाताऱ्या माणसांना धरून झाडं विचारत फिरले, तेव्हा कुठे दिशा लागल्या. बोटांचा हिशेब मात्र मला पाठ होता. हातभर दांडी धरायची, तिचं टोक जितकी बोटं खाली, तितका बोअर कलता. मी मशीनपाशी बसून ते हजारदा पाहिलं होतं.

काकाजी, तुमची विहीर खणली ते साल चौऱ्याण्णव. मी नऊ वर्षांची. झरा लागला त्या दिवशी तुम्ही मला, खणलेले दगड वर ओढायच्या यारीच्या डब्यात मांडीवर घेऊन खाली उतरले. आई वरून ओरडत होती, "भाऊजी, पोरीले पाडान!" आणि तुम्ही खालून, "वहिनी, तुमची पोरगी पाण्याची पाहुणी होय!" खाली काय गारवा होता! वर बघितलं तर आभाळ भाकरीएवढं. तुम्ही माझा हात धरून दगडाच्या फटीवर ठेवला. "हे पाह्य, मयुरा. एकोणचाळीस फुटावर. आपल्या बांधाकडून येते. कोणाले सांगू नको, तुले एकटीले दाखवलं." मी फटीला तोंड लावून पाणी प्यायले. फ्रॉक सगळा भिजला. तसं पाणी मी पुन्हा कुठे प्यायले नाही. त्या दिवसाची आठवण आली की अजून जीभ गार होते.

रात्रीच्या जेवणापर्यंतही माझ्या पोटात राहिलं नाही. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. किती फूट, कोणत्या अंगाला, काळ्या दगडाखाली. केवढी ऐट होती मला! बाबा फक्त "असं का?" म्हणाले.

दोन वर्षांनी आमची विहीर आटली आणि बाबांनी आपलीच मशीन आपल्याच विहिरीत उतरवली. गावाला सांगितलं, तळाला उभा बोअर मारला. आमच्याकडे पाणी आलं. महिन्याभरात तुमचा झरा बंद झाला. तुमची संत्र्याची बाग, ज्या झाडांना तुम्ही नावं ठेवली होती, ती वाळायला लागली. मग तुम्ही चार माणसं घेऊन आमच्या विहिरीवर आले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण मला लिहू द्या.

तुम्ही म्हणाले, "दादा, तुमचं नाही आयकत मी. मयुरा मशीनपाशी बसत जाय, ते खोटं नाही बोलत." आणि माझ्यासमोर उकिडवे बसून विचारलं, "सांग माय, बोअर उभा का तिरपा?"

मी म्हटलं, "उभा."

बाबांनी मला शिकवलं नव्हतं, काकाजी. ते माझ्याकडे बघतही नव्हते. विहिरीच्या कठड्याकडे बघत होते. मी अकरा वर्षांची होते, पण लहान होते असं म्हणून सुटायचं नाही मला. मला कळत होतं.

तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात येऊन बाबांच्या पायाला हात लावला. "चुकलं माझं, दादा." बाबा म्हणाले, "जाऊ दे गा, चहा घे." तुम्ही चहा घेतला नाही, आणि त्यानंतर आमच्या दारात पाय ठेवला नाही. लोकांना वाटलं, राग. काकीनं मला खरं सांगितलं होतं, की तुम्ही म्हणता, सख्ख्या भावावर आळ घेतला, आता कोणत्या तोंडानं जाऊ? माझ्या लग्नात तुम्ही मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभे होते. मी हार घालून उभी, आणि माझं सारं लक्ष त्या खांबाकडे.

आता वहीचं सांगते. त्यात आमच्या विहिरीचं पान आहे. "रुपरावच्या झऱ्याकडे, एकशे दहा फूट, चार बोटं खाली." बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

मी काय केलं असेल? झुकावाचा रकाना रिकामा सोडला. रिकामा सोडला की कॉम्प्युटर बोअर उभाच धरतो आणि सरळ खाली रेघ ओढतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत! महिनाभर आमची विहीर पडद्यावर तशीच निर्मळ उभी. मग आमच्या ऑफिसातला हर्षित म्हणाला, "मॅडम, एवढ्या विहिरी भरल्या, ही एकच काहून रिकामी?" मी त्या बापड्यावर खेकसले.

मग मी माझी चार बोटं मोजली. अडीच इंच. आकडा टाकला, रेघ तिरपी झाली आणि तुमच्या झऱ्याच्या दोन फूट वरून गेली. काय सांगू, मला रडूच आलं आनंदानं! म्हटलं, झऱ्याला हात लागलाच नाही, सुटलो आपण. पण घरी येईपर्यंत मनात आलं, बोटं बाबांची होती. माझी नाही.

तुम्हाला आठवत असेल, वाटणीच्या आधी दोघा भावांनी मिळून आमच्या विहिरीचा कठडा बांधला, तेव्हा ओल्या सिमेंटात दोघांनी पंजे उमटवले होते. मागच्या रविवारी मी टेप घेऊन तिथे गेले. तुम्ही बांधावरून हाक मारली, "काय मोजून राहिली वं?" मी म्हटलं, "काही नाही, काकाजी." पुन्हा खोटंच.

बाबांची चार बोटं तीन इंच भरली. शेजारी तुमचा पंजा आहे. तोही मी उगाच मोजला, दोन्ही पंजे सारखेच. ऑफिसात जाऊन आकडा टाकला. रेघ तुमच्या झऱ्याच्या फूटभर खाली जाऊन थांबली, म्हणजे झऱ्याचं सारं पाणी आमच्याच बोअरमध्ये उतरलं.

अजून एक आहे, आणि ते लिहायला हात उचलत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते, तेव्हा शेवटच्या दिवसांत दोनदा म्हणाले, "रुपरावले बोलाव." मी तुम्हाला सांगितलं, बाबा झोपलेले असतात, येऊन उपयोग नाही. ते जागे होते, काकाजी. बोलत होते. ते तुम्हाला काय सांगतील ते मला माहीत होतं, आणि मग माझं नाव निघालं असतं. तुम्ही आले ते थेट घाटावर. तिथेही तुम्ही पायाशी वाकून हात जोडले आणि माफी मागितली. मी बाजूलाच उभी होते.

सोमवारी पडद्यावर खरी रेघ दिसेल. आकडा मी भरून टाकलाय, आता काढणार नाही. आमचा बोअर पहिला बुजवा, असं मीच उभी राहून सांगेन. गाव बाबांना काय म्हणायचं ते म्हणो. पण तुम्ही त्या गर्दीत बसून पहिल्यांदा पाहावं, हे मला सहन होणार नाही. तुम्ही आळ घेतला नव्हता, काकाजी. तुम्ही खरं बोलले होते, आणि एकोणतीस वर्षं खाली मान घालून राहिले, ते माझ्या एका शब्दापायी.

माफ करा असं लिहिलं होतं, खोडलं. माफी मागायला मी स्वतः येईन. आज फक्त तुम्ही उकिडवं बसून विचारलं होतं, त्याचं उत्तर देते.

तिरपा, काकाजी. तुमच्या झऱ्याकडे. तो मीच दाखवला होता.

जिच्यावर तुम्ही भावापेक्षा जास्त विश्वास ठेवला, ती
मयुरा