विहाराची मागची भिंत

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज लिहायला बसले, कारण विश्रांतवाडीच्या आमच्या विहारात रंगकाम निघालं.

येरवड्याच्या शाळेत, सातवीत, मी कर्कटकाने बाकावर माझं नाव कोरत होते आणि तुम्ही पकडलंत. आता छडी, असं मला वाटलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "वहीवर मावत नाही का तुझं नाव?" मग पातळ कागद बाकावर पसरलात, पर्समधली मऊ काळी पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि आडवी घासायला लावलीत. मी घासतेय, तुम्ही शेजारी उभ्या आहात, आणि कागदावर कुणाकुणाची अक्षरं, बाण, चांदण्या उमटत चालल्यात. "या सगळ्या तुझ्याआधी इथे बसून गेल्या," तुम्ही म्हणता. "जरा ओळख करून घे." पेन्सिल तुम्ही परत मागितली नाहीत. इतक्या हळुवारपणे रागावणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

विहाराच्या मागच्या भिंतीला वंदनेला आलेल्या म्हाताऱ्या बायका टेकून बसतात. तिथे तेलकट डोक्यांचे डाग पडलेत, पाठी घासून गिलावा झिजलाय. रंग लागण्याआधी मला त्यांचा ठसा कागदावर घ्यायचा होता. अध्यक्षकाका म्हणाले, "ताई, डाग आहेत ते. त्यात कसली आलीय कला?" मी एक दिवस मागून घेतला. भिंतभर कागद लावून घासत गेले, तसा खरबरीत गिलावा काळा उमटला आणि मधेमधे झिजलेल्या जागा फिकट राहिल्या, ओळीने बसलेल्या बायकांसारख्या. पांढऱ्या साडीतली एक आजी बराच वेळ बघत होती. एका फिकट जागेवर तळहात ठेवून म्हणाली, "ही माझ्या सासूची. ती गेल्यापासून मी इथंच टेकते. बरं वाटतं." काकांनी चष्मा पुसला आणि रंगाऱ्याला म्हणाले, "एवढी भिंत सोडून दे." माझा कागद आता समोरच्या भिंतीवर लावलाय. लोक त्याच्यापुढे आपोआप हळू बोलतात. तुम्ही असायला हव्या होतात.

कागद लावला त्या दिवशी एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "कुणी नाही, माझं मलाच सुचलं." किती सहज म्हणाले, बाई.

हे तुमच्या लेकीला पाठवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. पाकिटावर तिचा पत्ताही घातलाय. पण आता ते चिकटवायला हात होत नाही.