टीव्ही वर चढवायचा खेळ

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुम्हाला आणि जाऊबाईंना आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्हीही असालच, नसता तर कोणीतरी कळवलं असतं. झाली खुशाली. आता कामाचं.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर मी भांडते. लिहिताना हात दुखतो, म्हणून तोंड आवरतं. माझी शाळा लवकर सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला हसत बसू नका.

तुमच्या दादांनी घरी एक खेळाचं यंत्र बनवलंय. येत्या रविवारी शाळेच्या हॉलात हौशी लोकांचा मेळावा आहे, जुन्या पद्धतीचे व्हिडिओ गेम घरी बनवणाऱ्यांचा. तिथं हे आपलं यंत्र मांडणार. खेळ दोघांनी खेळायचा आहे, आणि दुसरा माणूस तुम्ही असावं असं त्यांना वाटतं. याल की नाही, एवढाच प्रश्न आहे. "बस हे भंगार उराशी धरून," असं म्हणून तुम्ही आपल्या टीव्हीच्या दुकानातून निघून गेलात, तेव्हापासून तुम्ही भाऊ-भाऊ एकमेकांचं नाव काढत नाही. मी त्यात पडत नाही. चुकलात दोघंही. बस्स.

तर यंत्र. तुमच्या त्या भंगारातलाच एक जुना डबा टीव्ही घेतला, त्याला प्लायवूडची पेटी केली, खाली दोन दांडे आणि चार बटणं. आत तळहाताएवढी हिरवी पाटी, तोच म्हणे कंप्युटर. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा चित्र आडवं लोळत होतं. दुसऱ्यांदा धूर निघाला. मी म्हटलं, "अहो, हा खेळ आहे की चूल?" तर म्हणे, "तू जरा गप्प बस आणि ही वायर धर." तेव्हापासून वायर धरते आहे मी. आता सोल्डरिंगही जमतं. सुईपेक्षा सोपं आहे, फक्त चटका मोठा.

खेळ असा, की दोन माणसं टीव्ही घेऊन जिना चढतात. तुम्ही दोघं गिऱ्हाइकाकडे चढवायचात ना, तसाच. वरच्याने घाई केली की टीव्ही खालच्याच्या अंगावर. खालच्याने केली की वरचा बसकण मारतो. मधेच मांजर आडवं येतं, कोणीतरी कुंडी ठेवलेली असते. टीव्ही पडला की फाट्‌दिशी आवाज येतो आणि परत पहिल्या पायरीपासून सुरू. माझ्या तोंडून काय काय निघतं ते इथं लिहीत नाही.

चित्रं माझी आहेत. यांना साधा आंबा काढता येत नाही, माणूस कुठून काढणार! पण पडद्यावरची माणसं पाहिली तर चौकोनाचौकोनाची. म्हटलं, "हे तर आमचं मॅटीवरचं फुलीच्या टाक्याचं भरतकाम. द्या इकडे." दोन कापडांवर दोन माणसं भरून दिली. यांनी एकेक टाका बघून एकेक चौकोन पाटीत घातला. चालू करून बघतो तर काय, वरचा माणूस जिन्याकडे पाठ करून चढतोय! यांनी ते कापड उलटं ठेवलं होतं. कळणार तरी कसं? माझी उलटी बाजू सुलटीइतकीच साफ असते, कुठे गाठ दिसायची नाही. आजवर लोकांनी वाहवा केली, आणि इथं नेमकी ती सफाईच नडली.

मी म्हटलं, "थांबा, दुरुस्त करू." हे पडद्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "राहू दे. तो असाच चढायचा. उलटा, माझ्याकडे तोंड करून. त्याला पायरी दिसायची नाही, मी सांगायचो."

मग खेळच सगळा त्याप्रमाणे बदलला. आता खालच्याच्या दांड्याशी एक लाल दिवा आहे. पायरी आली की तो लागतो. वरच्याला दिसू नये म्हणून मधे पुठ्ठा लावलाय. खालच्याने "पायरी!" म्हणायचं आणि वरच्याने त्याच्या भरवशावर पाय टाकायचा.

हे पत्र लिही म्हणून यांनी मला कधीच सांगितलं होतं. मी आज लिहिते, उद्या लिहिते करत राहिले. शिवणाची कामं आली, पेन सापडेना, डोळे दुखतात, सगळं सांगून झालं. आता लपवून काय करू? तुमच्या जागी मी खेळतेय, भाऊजी. आणि मला तो दांडा सोडवत नाही.

इतकी वर्षं संसार केला, त्यात या माणसाचं माझ्याशी बोलणं काय, तर किल्ली कुठाय आणि मीठ कमी झालंय. आता कुकर उतरवून मी हात पुसत जाऊन बसते की सुरू. "सावकाश. मांजर आहे. थांब. पायरी! शाब्बास!" शाब्बास म्हणतात मला! शाळेतल्या बाईंनी कधी म्हटलं नव्हतं. तुम्ही आलात की तुम्ही दोघं दांड्यांवर आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात, असं दिसायला लागलं. म्हणून पेन सापडत नव्हतं.

काल शेवटी विचारलंच. "भाऊजी आले तर मी कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"कुठे म्हणजे कुठे! चहा करायला?"

स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेटीपाशी जाऊन बसले. मीही रागाने शिवणयंत्र दामटत बसले.

सकाळी बघते, तर पेटीच्या फळीला तिसरं भोक पाडलेलं आणि त्यात नवा दांडा. म्हटलं, "हे काय? टीव्ही उचलायला तिघं कशाला?"

"टीव्हीला दोघं पुरतात," म्हणाले. "कपाटाला तिघं लागतात."

"मग काल बोलायला काय झालं होतं?"

"तुझं मशीन चालू होतं. ऐकू गेलं नसतं."

लबाड माणूस. कपाट त्यांनी आधीच बनवून ठेवलं होतं, मला पत्ता नाही. टीव्ही वरच्या मजल्यावर पोचला की खाली लोखंडी कपाट येऊन उभं राहतं. चढवा आता. एक जण वरून, एक खालून, आणि एक मधे, वळणावर कठड्याकडून रेटायला. तिसरं माणूस मी आज भरायला घेतलंय. बाई आहे. कापडाच्या कोपऱ्यात सुलटी बाजू म्हणून खूण केलीये.

तेव्हा असं ठरवते. टीव्हीच्या वेळी वर तुम्ही. मेळाव्यातला पहिला डाव तुम्हा भावांचा, मी मधे बोलणार नाही, निदान प्रयत्न करीन. कपाटाला मात्र वर मीच. मला त्यांच्या आवाजाची सवय झालीये. तुम्ही कठडा सांभाळा. पटत नसेल तर इथं येऊन भांडा, कागदावर भांडायला मला येत नाही.

दुपारी आम्ही दोघांनीच कपाट चढवून पाहिलं. वळणापर्यंत नेलं आणि तिथं अडकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. मी बटण बंद करायला गेले तर म्हणाले, "बंद नको करू. राहू दे तसंच." टीव्ही अजून चालूच आहे. मी त्याच्याच उजेडात लिहितेय.

आत्ता विचारलं, "तुमच्याकडून काही लिहू का?" दांड्याची धूळ पुसत बसले. नसलेली धूळ. मग म्हणाले, "लिही, खाली मी आहे."

कपाट धरून उभी असलेली,
तुमची वहिनी