सहरीची गोळी

हमादी दादा,

"आई रोजात गेली, भाग्यवान!" असं तू फोनवर म्हणालास. इथे स्फाक्सलाही सगळे तेच म्हणतात आणि मी मान डोलावते. म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

रमजानच्या आदल्या दिवशी ती माझ्या मेडिकलमध्ये आली. "सालिहा, शुगरची सकाळची गोळी आता कधी घेऊ गं?" काउंटरवर गर्दी होती. वर न बघताच मी म्हटलं, "पहाटे सहरीचं जेवण झालं की घे." उपाशी राहायचं तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर साखर एकदम उतरते, हे गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगणारी मी, आईलाच सांगायला विसरले.

तिसऱ्या रोजाच्या दुपारी तिला दरदरून घाम फुटला. शेजारणीनं सरबत पुढे केलं. आईनं ग्लास बाजूला सारला. "रोजा नाही मोडायचा. लेकीला विचारूनच गोळी घेतलीय मी."

तीच लेक,
सालिहा