वॉल्टरचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार
आधी आली ती पर्लबाई, काठी टेकत, अन् मागून तिची लेक केक घेऊन. माझ्या इंग्लंडातल्या, या वॉटफर्डातल्या पहिल्या पाहुण्या! मला येऊन आठवडासुद्धा झाला नाही, पण माझ्या मुलानं, धम्मदीपनं घेतलेलं हे घर मला बाई फार आवडलं. नात मायरा तर पदर सोडत नाही. पर्लबाई पंच्याऐंशीची, याच घरात वाढलेली. ती बोलायची, सूनबाई राजश्री मला मराठीत सांगायची. तिचा बाप वॉल्टर ग्रिम्सबी बंदराचा मासेमार, बापजादे सगळे समुद्रावरचे. लढाईत नेव्हीनं यांची मासेमारीची बोट घेतली अन् पाण्यातले सुरुंग काढायला लावली. बायको-पोर इथं या घरात; रजेवर येताना तो पर्लबाईनं आज सोबत आणलेल्या या पत्र्याच्या डब्यातून खाऊ आणायचा. शेवटच्या वेळी, पर्लबाई आपल्या मायराएवढी असताना, रेशनमुळे घरात काहीच नव्हतं, तर बायकोनं डबा रिकामाच परत दिला. बोट फुटली. एकही माणूस सापडला नाही, डबा तेवढा किनाऱ्याला लागला. उपाशी धाडलं म्हणून ती बाई जन्मभर रडली म्हणे.
डबा या घरचा म्हणून पर्लबाई इथंच ठेवून गेली. रविवारी परत येणार. त्या दिवशी इथं लढाईत गेलेल्यांची आठवण करतात, छातीला लाल फूल लावून.
आता आपल्यात कुणाचा डबा कधी रिकामा परत देतात का? मी बेसनाचे लाडू भरले, मागच्या दाराशी ठेवला अन् म्हटलं, घे रे बाबा.

४ नोव्हेंबर
लाडू फस्त! मायराच असणार, लबाड. पण आत एक पितळी बटण, अन् तळाला पाणी. चाखलं तर खारट. वॉल्टर माणूस रीतीचा दिसतो, त्यानंही डबा रिकामा ठेवला नाही. हसू आलं मला. शंकरपाळे भरले.

५ नोव्हेंबर
दाराशी आणखी डबे. गंजलेले, शेवाळ लागलेले. बोटीवरच्या बाकीच्यांचे. सगळेच उपाशी गेले की. भात, पिठलं, भाकरी, होतं ते भरलं. राजश्री म्हणाली, आई, फूड बँक उघडलीत का? धम्मदीप म्हणाला, हे डबे आणतेस कुठून? तुला जीपीला, इथल्या डॉक्टरला दाखवू या.

६ नोव्हेंबर
पीठ संपलं. डबे वाढतातच. भिऊन वॉल्टरचा डबा तसाच बाहेर ठेवला. रिकामा.
त्याच्या बायकोनं दिला होता तसाच.

७ नोव्हेंबर
डबा घरात. जिन्यावर ओल्या बुटांचे ठसे, मायराच्या खोलीपर्यंत. डब्यात तिची रिबीन.
पोर म्हणते, ओला आजोबा आला होता. मला पर्ल म्हणाला. रविवारी न्यायला येतो म्हणाला.
तिचे केस ओले. हुंगले. समुद्राचा वास —

८ नोव्हेंबर
धम्मदीपच्या पाया पडले. आजच्या आज पोरीला घेऊन जा रे. ऐकत नाही, दाराला नवं कुलूप लावलंय म्हणतो. पर्लबाईला फोन करवला, डबा घेऊन जा म्हणून. उद्या येतेच आहे म्हणाली. उद्या —
माझं मंगळसूत्र घातलं डब्यात. केसांची बट घातली. म्हटलं, मला ने. म्हातारी आहे, पण रांधून घालीन सगळ्यांना. लेकराला नको.
सगळं परत आलं. डब्यातली मायराची रिबीन तेवढी त्यानं ठेवून घेतली.

९ नोव्हेंबर, रविवार
पर्लबाई यायची ती आजच. बेल वाजली.
दाराखालून पाणी येतंय —
मायरा कोट घालून माझ्या आधीच दाराशी —