हाताने निघालेली पिन

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र फाडायच्या आधी सोबतचा डबा उघड. आत चिंधीत गुंडाळलेल्या दोन लोखंडी पिना आहेत, एक गंजकी आणि एक नवी. चिंधी धुतलेली आहे, नाक मुरडू नकोस. दोन्हींवर मी निळा रंग लावलेला आहे, त्याला बोट लागू देऊ नकोस. ज्याच्याशी तुझं लग्न ठरलंय त्याच्या गाडीतून तू रविवारी त्या दगडी उतारावर जाणार आहेस, हे तुझ्या धाकट्या बहिणीकडून कळलं. त्या गाडीचं स्टिअरिंग उतारावर सुटू शकतं. आता हे मी सांगतोय म्हणजे तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि ठेवूही नकोस. म्हणून तर पिना पाठवल्यात.

मी हे लेथवाल्या काकांच्या दुकानात, उलट्या घातलेल्या डब्यावर बसून लिहितोय. ते माझ्याकडे पाठ करून एका दांड्यावर आटे पाडताहेत. मी काय लिहितोय ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, की अर्ज असेल तर अक्षर नीट काढ आणि प्रेमपत्र असेल तर थोडक्यात आटप. दोन्ही नाही म्हटलं, तर म्हणाले, मग तर कठीणच आहे रे बाबा.

आधी गाडीचं सांगतो. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला आमच्या गॅरेजात सगळे कप्तान म्हणतात, कारण डोंगरात जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत तो कायम पुढे असतो. मामाच्या गॅरेजात त्याने गाडी आणली तेव्हा मला वाटलं होतं, माणूस फुशारक्या मारणारा असेल. तसा निघाला असता तर बरं झालं असतं. तो हात काळे करतो, चहा आला की पहिला पेला दुसऱ्याला देतो, आणि मला नावाने हाक मारतो, जे मामासुद्धा करत नाही. त्याच्याविषयी वाईट बोलायला जागाच सापडत नाही, याचा मला किती त्रास होतो ते तुला कळणार नाही. कळलं तर हसशील.

पण गाडी म्हणजे विळ्या-भोपळ्याचा संसार आहे. पुढचा एक्सल एका जड गाडीचा, त्याने भंगारातून हौसेने उचललेला. ब्रेकच्या डिस्क दुसऱ्याच कंपनीच्या, त्यांना चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर तिसऱ्या, आणि पुढची दोन्ही चाकं जोडून वळवणारा स्टिअरिंगचा दांडा त्याच्या स्वतःच्या जुन्या गाडीतला, कारण तो त्याला लकी वाटतो. पहिल्या दिवशी कॅलिपर चाकाच्या रिमला घासत होते, ते ग्राइंडरने घासून बसवले. मग ब्रेक लागेना. कॅलिपर दांडगे आणि त्यांना तेल पुरवणारा सिलिंडर जुनाच, बारका. नाकापेक्षा मोती जड. पहिल्यांदा दाबला की पेडल सरळ तळाला, दुसऱ्यांदा दाबला की गाडी थांबायची. कप्तान म्हणाला, चालेल, मी दोनदा दाबीन. मामाने तिथे मात्र त्याचं ऐकलं नाही. मोठा सिलिंडर घातला, आता ब्रेक छान लागतो, आणि नेमका तिथेच घोळ झाला. ब्रेक जमला म्हणजे सगळंच जमलं, असं दोघांनी धरून टाकलं. ब्रेक निदान ओरडून सांगतो. स्टिअरिंग गप्प बसतं.

चाचणीला गाडी घेऊन मी गेलो होतो. वळताना पुढून टक् असा आवाज यायचा, बारीक, जीभ टाळूला लावून केल्यासारखा. परत आलो आणि खाली आडवा झालो. दांड्याच्या टोकाची ती पिन चाकाजवळच्या भोकात बसते. पिन निमुळती, भोकही निमुळतं. दोघांचा उतार एकसारखा असला की पिन अशी आवळून बसते की नट काढला तरी हलत नाही. बाजूने हातोडीचा ठोका घातल्याशिवाय कुठलीच पिन आजवर माझ्या हाती आलेली नाही. त्या दिवशी मी नट सोडला आणि पिन दोन बोटांनी वर उचलली गेली. बाटलीतलं बूच निघावं तशी.

तुला आठवतं, उतार म्हणजे काय ते तूच मला शिकवलंस. इंजिनिअरिंग कॉलेजात ड्रॉइंगच्या वर्गात माझी रेघ कायम तिरकी जायची आणि तू माझ्या कागदावर पेन्सिल टेकवून म्हणायचीस, दोन उतार नुसते दिसायला सारखे असून भागत नाही, ते सगळीकडे टेकले पाहिजेत, नाहीतर सगळं वजन एका काठावर येतं. तेव्हापासून तू मास्तरीणबाई. आणि मला भडक्या नाव तू ठेवलंस त्याच वर्गात, ज्या दिवशी सरांनी तुझी शीट माझ्यावरून उतरवलेली आहे असं म्हटलं. अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं की उलटं होतं! मी पट्टी फेकली, काय काय बोललो, बाहेर पडलो तो आजतागायत. तू मागून जिन्यापर्यंत आलीस. मला वाटलं थांबवायला आलीस. तू म्हणालीस, मला तोंड होतं, मी बोलले असते, तू कशाला बोललास? तेव्हा मला त्याचा राग आला होता. अजूनही थोडा येतो, खोटं कशाला बोलू.

तर, पिन हातात आली आणि मी मामाला हाक मारली. हा दांडा दुसऱ्या कंपनीचा, याच्या पिनेचा उतार वेगळा, एक्सलच्या भोकाचा वेगळा, ती फक्त वरच्या काठावर टेकतेय, खाली पोकळ आहे, असं सगळं सांगितलं. मामाने वाकून बघितलं. नट घट्ट बसतोय ना, म्हणाला. मी म्हटलं, नट घट्ट बसतो म्हणूनच तर फसवणूक आहे, खडकावर चाक आदळत राहिलं की पिन भोकात हलणार, हलत हलत झिजणार आणि एक दिवस मानेत तुटणार. मामाने हात पुसले आणि म्हणाला, भाच्या, कावीळ झालीय तुला, म्हणून त्याच्या गाडीत सगळं पिवळं दिसतंय. इतर गाड्यांचे आवाज कधी ऐकू आले नाहीत तुला?

खरं सांगू? त्या वाक्याने मी गार झालो. कारण तसं असूही शकतं. तुझ्या घराच्या फाटकात येऊन मी जो तमाशा केला, तो अख्ख्या गल्लीने बघितलाय. तुझ्या बाबांची कुंडी फोडणाऱ्या माणसाला तुझ्या नवऱ्याच्या गाडीत दोष दिसला, यात नवल ते काय? त्या दुपारी मी ती पिन पुन्हा पुन्हा बघितली. मला दोष दिसतोय, का नुसता कप्तान दिसतोय, हेच कळेना. मग रंग आठवला. निळा रंग पिनेला पातळ लावायचा, भोकात घालून आवळायची, थोडी फिरवून काढायची. जिथे टेकते तिथला रंग पुसला जातो. कावीळ झालेल्यालाही निळं निळंच दिसतं ना?

वरच्या काठाजवळ बारीक कडं पुसलं गेलं, बाकी सगळी पिन निळीच्या निळी. ती मी कप्तानाला दाखवली, तो संध्याकाळी आला तेव्हा. त्याने नीट बघितली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मी समजू शकतो. बस, एवढंच. चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी शांत राहिलो असतो, शपथ! पण ते समजूतदार बोलणं माझ्याने सोसवलं नाही. हातातला पाना मी फेकला. त्याला लागला नाही, टायरला लागून उडाला आणि मामाच्या चहाच्या किटलीवर पडला. तिथेच माझं सगळं म्हणणं संपलं. खरं बोलणारा माणूस पाना फेकत नाही, असं मामा म्हणाला, आणि त्या गाडीला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. दांड्याच्या दोन्ही टोकांच्या पिना मी खिशात घातल्या, पण त्याने काही होत नाही. तशाच आणखी दोन कप्तानाच्या घरी पडल्यात, तो शनिवारी संध्याकाळी येऊन बसवणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी भंगारबाजार पालथा घातला. ज्या कंपनीचा एक्सल त्याच कंपनीच्या पिना हव्या होत्या. मिळाल्या, न वापरलेल्या, ग्रीसच्या कागदात. मामा जेवायला गेला तेव्हा ताकीद मोडून गाडीखाली शिरलो आणि रंग लावून नवी पिन त्याच भोकात घातली. नट सोडला. पिन हलेना. दोन बोटांनी नाही, दोन हातांनीही नाही. मला इतका आनंद झाला की मी गाडीखाली एकटाच हसलो. मग ती काढायची म्हणजे हातोडी आलीच. तिसऱ्या ठोक्याला मामा घास तोंडात घेऊन धावत आला. माझी बाजू खरी करणाऱ्या आवाजानेच मला पकडून दिलं. मी पिन पुढे केली, पण त्याने हातोडी तेवढी बघितली. आता मी गॅरेजात नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही धाकटीमार्फत तिच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस.

आता डब्यातल्या दोन्ही पिना शेजारी शेजारी ठेव. खिडकीपाशी ने, उजेडात बघ. गंजकीवर नुसतं कडं पुसलंय, नवीवरचा रंग वरपासून खालपर्यंत पुसलाय. मी काय म्हणतो ते विसर आणि तुझी तू ठरव. तुला दोन्ही सारख्याच वाटल्या तर मामाचं खरं, मला कावीळ आहे, आणि मग मी निमूट डॉक्टरकडे जातो. आणि हे वाचताना दुसराच काही अर्थ काढू नकोस, तू काढशील म्हणून आधीच सांगतो. कोण कुणाला शोभतं, कोण कुठे टेकतं, असलं काही मी लिहिलेलं नाही. पिनेबद्दल लिहिलंय.

तुला परत बोलावण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, रविवारी जाऊ नकोस असं सांगण्यासाठीही नाही. जा. मला फक्त एक हवंय. पिना बघून तुला पटलं, तर कप्तानाला तू सांग, तुझ्या तोंडाने, तुझ्या शब्दांत, इंजिनिअर म्हणून. माझं नाव घेऊ नकोस. घेतलंस तर तो मुद्दाम जुन्याच पिना बसवील. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. नव्या पिना जुन्या दांड्याला लागत नाहीत, म्हणून मघाशी काका आटे पाडत होते तो नवा दांडा त्यांनी आत्ताच पुसून भिंतीला टेकवून ठेवलाय, तो कप्तानाला इथून न्यायला सांग. दुसरी नवी पिन त्याला लावलेली आहे, डब्यातली तू दे. काका कुणाला काही सांगणार नाहीत, त्यांना विचारायचाही कंटाळा आहे. जिन्यावर तू म्हणाली होतीस, मला तोंड होतं. या वेळी बोल, मी गप्प आहे. रविवारी सकाळी जिथे डांबर संपून कच्चा रस्ता लागतो त्या वळणावर मी उभा असेन. नवा दांडा चकाकतो, जुना तांबूस आहे, लांबूनही ओळखता येतो. तांबूस दिसला तर मी गाडीपुढे आडवा पडेन, मग जग काय म्हणायचं ते म्हणो. चकाकला तर बाजूला होईन. घाबरू नकोस, मी चाकांच्या मधे तेवढंच बघणार आहे. काचेपर्यंत नजर वर नेणार नाही.

रविवारच्या त्या वळणापर्यंत तरी तुझाच,
भडक्या