नऊ नंबरचा आवाज

४ डिसेंबर

वही मॅडमनी दिली. कोण बोललं, किती तारखेला, किती वेळ – एवढंच लिहायचं म्हणाल्या. एवढंच लिहायला एवढी जाड वही कशाला? दोन ओळी त्यांच्या. उरलेलं पान माझं.

मॅडम संग्रहालयातल्या. पायदळात लढलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात साठवायच्यात म्हणे. दोन दिवस आमच्या सैनिक आश्रमात येऊन बसल्या. त्यांच्यापुढं म्हातारे गप्प! "हो मॅडम, नाही मॅडम, विसरलो मॅडम." आणि मी, इथली आया, नखं कापायला बसले की एकाचं तोंड बंद होईल तर शपथ. म्हणून मशीन माझ्याकडं आलं. काडेपेटीएवढं आहे. लाल दिवा लागला की चालू.

मॅडमचे नियम दोनच – बोलणारा गप्प झाला तरी मशीन बंद करायचं नाही आणि मधे तोंड घालायचं नाही. मी! तोंड न घालता!

चौथी शिकलेय, शुद्धलेखन बघू नका म्हटलं. नाही बघणार म्हणाल्या.

५ डिसेंबर

आज धुकं. तरी आमची वरात निघालीच नाश्त्याला.

अकरा वर्षं हेच बघतेय. पुढं हवालदार, काठी आपटत. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मास्तर – लढाईनंतर शाळेत शिकवायचे, आता डोळे गेलेत. मास्तरांच्या खांद्यावर न्हावीकाकांचा हात. तिघं एकाच तुकडीतले. हवालदार मधेच "एक!" म्हणतात, मास्तर "आठ!", न्हावीकाका "दहा!" तेव्हाचे नंबर. बाकीचे सात कुठं गेले विचारलं तर हवालदार म्हणतात, "पुढं गेले. आमची जागा धरायला."

आणि न्हावीकाकांची ती सवय! शेवटी तेच असतात. जेवणघराचं दार लोटून आत आले तरी दार सोडत नाहीत. धरून उभे. मागं कुणी नसतं.

"गारठा आत येतोय! सोडा ते दार!"

"सोडतो की, बाई. एवढी काय गाडी सुटतेय?"

मनात काहीतरी मोजल्यासारखं करतात, मग सोडतात. आणि मला मागून चालू देत नाहीत. कितीही ट्रे हातात असू देत – "तुम्ही आधी व्हा पुढं." एकदा मी चुकून मागं राहिले तर ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, चेहरा पांढराफटक.

८ डिसेंबर

हवालदार. दुपारी तीन. पस्तीस मिनिटं. नखं दोन्ही पायांची.

म्हणाले, "दहा जण होतो. पहाटे हुकूम आला, खंदक सोडा, नदीचा पूल गाठा. पूल उडवायचा होता. आणि धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. मग रांग. प्रत्येकानं पुढच्याचा पट्टा धरायचा. थोडं चाललं की मोजणी. मी हळूच म्हणायचं एक, मागचा दोन, तसं शेवटपर्यंत. दहा ऐकू आलं की चाला. एखादा नंबर आला नाही की सगळ्यांनी जागीच थांबायचं आणि मागं जाऊन माणूस घेऊन यायचं. मेला असला तरी."

"तीनदा मोजलं. तीनदा दहा भरले. पुलापलीकडं गेलो, पूल उडाला, धुकं विरळ झालं. बघतो तर नऊच जण. नऊ नंबरवाला नाही."

मी दुसऱ्या पायाकडं वळले. नियम पाळला.

"तिन्ही वेळा त्याचा आवाज ऐकलाय मी. म्हणजे पुलापर्यंत होता. शेवटच्या शंभर पावलांत सटकला. चौकशीत मीच सांगितलं – पळाला. वाईट वाटतं. बरा पोरगा होता. खिशात एक दोरा ठेवायचा. पोरीच्या पावलाचं माप. चार वर्षांची होती, तिला बूट न्यायचे होते."

कात्री लागली. त्यांच्या अंगठ्यातून रक्त आलं. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणाले.

त्याच दिवशी, घरी

फरशीवर उभी आहे मी आणि कुणीतरी वाकून माझ्या पायाखाली दोरा धरतंय. मला गुदगुल्या होतायत. बाबांचं एवढंच आठवतं. तोंडसुद्धा नाही – फक्त केस, वरून दिसलेले.

बाबा पळाले असं कळवणारा सरकारचा कागद आईच्या ट्रंकेत आहे. काढून वाचला. नऊ नंबर. पूल. तेच!

शाळा चौथीत सोडली ती याच्यापायीच. माझ्या बाकावर पोरी कोळशानं लिहायच्या – पळपुट्याची. मी त्यांना मारायचे, मग मास्तरीण मला मारायची. शेवटी गेलेच नाही.

अकरा वर्षं त्यांची गादी बदलतेय. लग्नानंतरचं आडनाव माझं, त्यांना काय कळणार. मला तरी कुठं कळलं? लढाईचं काढलं की मी म्हणायचे, पुरे झालं, पाय वर करा.

मी आले तेव्हा आतून आईनं विचारलं, "कोण?" रोज विचारते. किल्ली माझ्याशिवाय कुणाकडं नाही, तरी विचारते. दाराकडं तोंड करून बसलेली असते. "मीच," म्हटलं.

९ डिसेंबर

मशीनला हात लावला नाही. चादरी दोनदा धुतल्या.

११ डिसेंबर

मास्तर. पाय चोळताना. वीस मिनिटं.

यांना मी विचारलं. नियम गेला खड्ड्यात. म्हटलं, तुम्ही आठ ना? मग नऊ नंबरनं तुमचाच पट्टा धरला असणार.

त्यांनी कमरेला हात लावला, पट्टा असतो तिथं. मग – "धरला होता. खंदकातून निघालो तेव्हा ओढ होती पट्ट्याला. नंतर नव्हती."

"केव्हापासून नव्हती?"

"पहिल्या मोजणीच्या आधीपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"आवाज आला ना गं. नऊ म्हणाला. त्याच्याच आवाजात. मोजणी भरल्यावर पट्टा कोण बघतं?"

आंधळे डोळे माझ्याकडं लावून म्हणाले, "पण पहिल्या दोन वेळा तो जवळून आला. तिसऱ्यांदा लांबून. मी मनाला सांगितलं, धुक्यात असं होतं."

घरी दोघांचं मशीनवर पुन्हा ऐकलं. दोघंही मोजणी म्हणून दाखवतात. एक, दोन... आठ. मग गप्प. मग दहा. नऊ कुणीच म्हणत नाही. दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं नाही आणि दोघं तिथंच थांबतात, तेवढाच वेळ. मी भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं.

मास्तरांच्या वेळी त्या गप्पपणात आणखी काहीतरी आहे. श्वास. मास्तरांचा नाही, माझाही नाही. मशीन कानाला लावून पाच वेळा ऐकलं. तेव्हा खोलीचं दार अर्धवट उघडं होतं हे मग आठवलं. बाहेर कोणीतरी उभं होतं.

दार धरून उभं राहणारा माणूस आमच्याकडं एकच आहे.

१३ डिसेंबर

न्हावीकाका मला टाळतायत. नखं कापून झालीत म्हणे. स्वतः कापलीत! वेडीवाकडी. आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवला या माणसानं.

१४ डिसेंबर

न्हावीकाका. सकाळी, नाश्ता झाल्यावर. किती वेळ ते बघितलं नाही.

धुकं होतं. आत्ता आत्तापर्यंत आवारातला नळसुद्धा दिसत नव्हता. ते बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "लाव तुझं मशीन." मला 'तू' म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"तू त्याची पोर. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"कसं काय?"

"चालतेस तशी. डावं पाऊल घासत. तू मागून आलीस की तोच आला असं वाटतं. म्हणून तुला पुढं घालतो."

मी मशीनचा लाल दिवा बघितला. चालू होता.

"मी नकला करायचो. सगळ्यांच्या आवाजात बोलायचो. तुझा बाप पोट धरून हसायचा – पुन्हा कर, माझी कर. त्या दिवशी खंदकातून निघालो आणि दहा पावलांवर गोळा पडला. तो खाली बसला. पायाला लागलं होतं. म्हणाला, पायाला पट्टी बांधून येतो, रांग थांबवू नका. मी त्याला ओलांडून मास्तरचा पट्टा धरायला गेलो. सापडला नाही. पावलांच्या आवाजावर चाललो. तेवढ्यात मोजणी आली. नऊची वेळ झाली. थांबलो तर दुसरा गोळा येणार. मला बाविसावं होतं. मी म्हणालो नऊ. त्याच्या आवाजात. मग दहा. माझ्या."

"दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही मीच."

तेव्हाच मारणार होते मी त्यांना. खरंच. हातात पितळी तांब्या होता.

"तिसऱ्यांदा मी ठरवलं, बोलायचं नाही. थांबू दे रांग. जाऊ मागं. आठ आलं. मी ओठ आवळून धरले." इथं ते थांबले. सगळे थांबतात तिथंच. मग म्हणाले, "आणि नऊ आला. माझ्या मागून. मी शेवटचा होतो, पोरी. माझ्या मागं कुणी नव्हतं."

"तोच होता?"

"बांधून आला होता. सांगितलं होतं तसा. घासत येत असेल. म्हटलं, चला, पापातून सुटलो! आणि दहा म्हणून चालायला लागलो. पुलावरून गेल्यावर वळून बघितलं. धुकं. हवालदार म्हणाले, दहा भरलेत, उडवा."

"ओरडला का नाहीत?"

"ओरडून काय म्हणू? आधीचे दोन नऊ कुणाचे, ते सांगावं लागलं असतं."

म्हणजे माझा बाप पळाला नाही. पाय ओढत त्यांच्या मागं आला. हजेरी दिली. आणि पूल उडाला.

म्हटलं, शेहेचाळीस वर्षं एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही? मला पळपुट्याची म्हणायचे!

"सांगितलं की. वर्षाच्या आत. सगळं लिहून पत्र पाठवलं तुझ्या आईला. म्हटलं, हे सरकारला दाखव, मी साक्षीला येतो, मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. उत्तर आलं नाही."

तेवढ्यात मागच्या दाराशी जेवणघरातली बाई आली. त्यांनी उठून तिच्यासाठी दार धरलं. ती आत गेली. त्यांनी धरूनच ठेवलं.

मी ओरडले नाही. मीसुद्धा बघत बसले, धुक्यात.

१५ डिसेंबर

आईला विचारलं. पत्र आलं होतं का?

आधी ऐकू न आल्याचं सोंग. मग म्हणाली, "जाळलं."

मी भांडले. आयुष्यात भांडले नव्हते एवढी. माझी शाळा गेली, म्हटलं. बाकावर काय लिहायचे तुला माहीत होतं. एक कागद दाखवला असतास तर!

आई म्हणाली, "मेलेला माणूस येत नाही. पळालेला कधीतरी येतो."

बस्स. दाराकडं तोंड करून बसली.

१६ डिसेंबर

मशीन मॅडमना दिलं, आतल्या रेकॉर्डिंगांसकट. तिन्ही. त्यांच्या फॉर्मवर नाव लिहायच्या जागी बाबांचं पूर्ण नाव मीच लिहिलं, मोठ्या अक्षरात.

घरी आले. जिन्यात डावं पाऊल घासलं. घासतंच ते, आज ऐकू आलं एवढंच. आतून आई – "कोण?"

शेहेचाळीस वर्षं ती बाबांनाच हाक मारतेय आणि उत्तर मी देतेय.

उंबऱ्यावर उभी राहिले. या वेळी 'मीच' न म्हणता ओठ आवळले. मागून कुणी काही बोलतंय का, ऐकत.